रेनकोट उलटा करून पाहा

मे महिना अर्ध्यावर आला की वसई-विरारच्या घराघरांत आगोटीची यादी निघते. सुकी मासळी, मसाला, पापड, कांदे, गच्चीवर टाकायची ताडपत्री आणि यादीच्या अगदी तळाशी, नंतर आठवल्यासारखा, रेनकोट. सुक्या बोंबलाच्या बाबतीत आपण भलते चोखंदळ असतो. कुठल्या बंदराचा, किती उन्हे खाल्लेला, मोडून पाहिला तर तुटतो की नुसता वाकतो, हे तपासल्याशिवाय पिशवी पुढे करत नाही. रेनकोट मात्र स्टेशनबाहेरच्या गाडीवरून पाच मिनिटांत घेतला जातो. ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ ‘एकदम.’ रंग पसंत, माप साधारण बरोबर, पैसे दिले, झाले. तोच रेनकोट आषाढात काखेत उसवतो, श्रावणात खांद्यावरून झिरपू लागतो आणि गणपती येईतो मोरीतल्या खिळ्यावर जाऊन लटकतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. माझे म्हणणे असे की, दोष दुकानदाराच्या उत्तरात आहे तितकाच आपल्या प्रश्नात आहे. पाणी न झिरपणे हा कापडाचा गुण झाला. आपण विकत घेतो तो शिवलेला कपडा असतो, त्याला शेकडो भोके पाडलेली असतात, आणि तो घालून घाम गाळत कामाला जायचे असते.

हा विषय किरकोळ वाटत असेल तर जरा हिशेब करून पाहा. पालघरच्या या किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 2009 मध्ये वसई-विरारची महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती, आणि त्यानंतर नालासोपारा-विरारकडे उभ्या राहिलेल्या इमारती पाहता आज ती किती पुढे गेली असेल ते सांगायला नको. यातली फार मोठी संख्या रोज चर्चगेटच्या दिशेने निघते. विरारहून पूर्ण टप्पा 60 किलोमीटरचा. दुसरी मोठी संख्या वालीव, गोखिवऱ्याच्या कारखान्यांकडे दुचाकीने जाते. 10 जुलै 2018 ला नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढून वसई-विरारदरम्यानच्या गाड्या बंद पडल्या, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. पण रेनकोटाची परीक्षा त्या दिवशी नसते. त्या दिवशी कोणी बाहेरच पडत नाही. परीक्षा असते ती बाकीच्या शंभर दिवसांत, गाड्या चालू असताना आणि हजेरी लागत असताना. सकाळी घरापासून स्टेशनपर्यंत दहा-पंधरा मिनिटे स्कूटर, मग ओला कोट अंगावर ठेवून डब्यात शिरलो तर शेजारचा माणूस खाऊ की गिळू करतो, म्हणून तो फलाटावरच काढून, कसाबसा घडी करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून, ती पिशवी छातीशी धरलेल्या बॅगेत घालायची. संध्याकाळी तोच आतून-बाहेरून ओला कोट पुन्हा अंगावर. दिवसातून दोनदा घालणे, दोनदा काढणे, दोनदा चुरगाळणे. एका मोसमात दोनशे वेळा इतका छळ आपण दुसऱ्या कुठल्या कपड्याचा करत असू, असे वाटत नाही.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे आज लोककलेच्या प्रदर्शनात टांगलेली असली तरी विचार करण्याजोगी आहेत. भाताची लावणी करणारी बाई इरलं घ्यायची. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसासारखी रुंद पाने बसवलेली, डोक्यावरून पाठीवर उतरणारी ती उलटी होडी. दिवसभर वाकून काम करायचे तर पाऊस पाठीवर येणार, म्हणून छप्पर पाठीवर. पुढून आणि खालून सगळे मोकळे. इरलं अंगाला चिकटत नाही, त्यामुळे अंगाची वाफ कोंडत नाही. धनगराची घोंगडी वेगळ्या वाटेने तिथेच पोचते. लोकरीतला नैसर्गिक तेलकटपणा पाणी ओघळवून टाकतो, आणि घोंगडी भिजून जड झाली तरी आतून ऊब टिकते. दोन्ही वस्तू अवजड होत्या, लोकलच्या डब्यात इरलं घेऊन चढण्याची कल्पना कोणी करू नये. पण पावसाळी कपड्याची कामे दोन आहेत, बाहेरचे पाणी बाहेर ठेवणे आणि आतले पाणी बाहेर सोडणे, हे त्या करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. रबर आले आणि पहिल्या कामाच्या यशात दुसरे काम विसरले गेले. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालण्याची पद्धत नोंदवली. कापडातून थेंब येईना. पण शिंप्यांनी त्याचे कोट शिवले तेव्हा सुईच्या भोकांतून पाणी आत आले आणि बदनामी कापडाची झाली. शेवटी त्या धंद्याला कोट स्वतःच तयार करण्याची व्यवस्था करावी लागली. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 मध्ये कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफचा पाया घातला आणि त्यांच्या डकबॅकच्या रबरी कोटांनी दोन-तीन पिढ्यांचे पावसाळे निभावले. ते कोट टिकाऊ होते, पाणी रोखत होते, आणि आतल्या माणसाला वाफवून काढत होते. नंतर रबराची जागा प्लॅस्टिकने घेतली. किंमत उतरली, वजन उतरले, टिकाऊपणाही उतरला. वाफवणे तेवढे कायम राहिले.

या दुसऱ्या कामाकडे पुन्हा गंभीरपणे पाहिले ते डोंगरात आणि बर्फात जाणाऱ्यांनी. स्कीइंग किंवा स्नोबोर्डिंग करणारा माणूस उतारावरून येताना घामाघूम होतो आणि पुढच्याच क्षणी शून्याखालच्या हवेत वर नेणाऱ्या पाळण्याची वाट पाहत उभा असतो. आत साठलेला घाम त्याच्यासाठी नुसती गैरसोय नसते, तो गारठून माणूस दगावू शकतो. 1969 मध्ये बॉब गोर या अमेरिकन संशोधकाने टेफ्लॉनच्या जातीचे प्लॅस्टिक तापवून झटक्यात ताणले, आणि त्यातून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार झाला. छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, पण वाफ जाते. 1976 पासून हे कापड गोर-टेक्स नावाने बाजारात आले, मग त्याचे भाऊबंद आले, आणि त्यांच्यासोबत आकडे आले. 10,000, 20,000. पहिला आकडा पाण्याच्या स्तंभाचा: कापडावर इतक्या मिलिमीटर उंचीचे पाणी उभे केले तरी ते झिरपत नाही. दुसरा वाफेचा: चोवीस तासांत एका चौरस मीटरमधून इतके ग्रॅम वाफ बाहेर पडते. आता हेच आकडे ऑनलाइन दुकानांतून आपल्या पावसाळी जॅकेटांवरही झळकतात, आणि ज्यांना चांगले घ्यायचे आहे, खिशात चार पैसे आहेत, असे लोक आकडा पाहून खरेदी करतात. स्टेशनबाहेरचा ‘एकदम’ आणि हा वीस हजारांचा आकडा यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्ही उत्तरे चुकीच्या प्रश्नाची आहेत.

वाफेचा आकडा आधी घेऊ. पापुद्र्याला पंप बसवलेला नसतो. आतली वाफ बाहेर जाते ती केवळ आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असतो म्हणून. घामेजल्या अंगाजवळ, साधारण 34 अंश तापमानाला, हा दाब 5.3 किलोपास्कलच्या आसपास असतो. गुलमर्गला उणे पाच अंशांत बाहेरचा दाब 0.4 च्या वर जात नाही. फरक जवळजवळ पाचाचा. वाफ धावत बाहेर जाते. वसईत जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी तापमान 27 अंश आणि हवेतली आर्द्रता 90 टक्के धरली, तर बाहेरच दाब 3.2 असतो. फरक उरला दोन-सव्वादोन, म्हणजे निम्म्याहूनही कमी. त्यात धो-धो पावसात कोटाचे वरचे कापड ओलेचिंब झाले की पापुद्र्याबाहेर पाण्याचाच पडदा उभा राहतो आणि उरलासुरला मार्गही आक्रसतो. शिवाय वाफ मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. तेच कापड एका पद्धतीत माफक आकडा देते आणि दुसऱ्या पद्धतीत कित्येक पट मोठा, आणि लेबलावर कोणता छापायचा हे विकणारा ठरवतो. बर्फातला महागडा कोट अंगावर चढवला म्हणून वसईत घाम सुकेल, ही आशा म्हणून सोडून दिलेली बरी. उलट त्या कोटात जे आपल्याला नको ते भरपूर असते: उबेचे अस्तर, कमरेला बर्फ अडवणारा आतला घेर, पाळण्याचा पास ठेवायचा बाहीवरचा खिसा. घ्यायचीच असेल तर त्यातली एक साधी युक्ती घ्यावी. चांगल्या स्की जॅकेटला काखेखाली लांब चेन असते. ती उघडली की हवा थेट आत-बाहेर होते. पापुद्र्याचे शास्त्र दमट हवेत लंगडे पडते, पण उघड्या खिडकीचे पडत नाही. पाठीवर झाकणाखाली जाळी, काखेत चेन किंवा नुसती भोके, अंगापासून सुटणारा ढगळ घेर, हे सगळे इरल्याच्याच घराण्यातले उपाय आहेत आणि ते पाचशे-सातशे रुपयांच्या कोटातही बसवता येतात.

हवा खेळण्याला मी इतके महत्त्व का देतो, याला आधार आहे. पावसात काम करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी युरोपात ईएन 343 नावाचे मानक आहे. त्यात वाफ अजिबात न सोडणाऱ्या, म्हणजे आपल्या साध्या प्लॅस्टिकच्या कोटासारख्या कपड्यांसाठी किती वेळ घालावे याचे मार्गदर्शन दिलेले आहे. 25 अंश तापमानात सलग 60 मिनिटे. आपल्या जुलैचे तापमान बहुतेक वेळा याहून चढेच असते, आणि घरपोच जेवण पोचवणारा मुलगा तो कोट संध्याकाळी सहापासून रात्री बारापर्यंत घालतो. घामाने भिजलेला शर्ट आणि पावसाने भिजलेला शर्ट यांत कातडीला फरक कळत नाही. दोन्हीकडे चोळ, दोन्हीकडे बुरशी. पावसाळा आला की जांघेत आणि काखेत नायटा घेऊन डॉक्टरकडे जाणाऱ्यांची रांग लागते ती काही फक्त पाण्यात भिजल्यामुळे नव्हे.

आता पाण्याचा आकडा. त्याच युरोपीय मानकात पाणी रोखण्याची सर्वांत वरची श्रेणी 20,000 पास्कलची आहे, म्हणजे सुमारे दोन मीटर, दोन हजार मिलिमीटर पाण्याचा स्तंभ. दिवसभर पावसात रस्ते खणणाऱ्या माणसासाठी जिथे दोन हजार ही अव्वल श्रेणी, तिथे ऑफिसला जाणाऱ्याला वीस हजार कशाला लागतात? दाब सगळ्यात जास्त कुठे येतो, तर ओल्या सीटवर बसलो की बुडाखाली. साठ किलोचा माणूस सहाशे चौरस सेंटीमीटर जागेवर बसला तर दर चौरस सेंटीमीटरला शंभर ग्रॅम, म्हणजे बरोबर एक मीटर पाण्याचा दाब झाला. हाडाखाली तो आणखी वाढतो, बॅगेच्या पट्ट्याखालीही थोडा येतो. तरीही अडीच-तीन हजारांचे साधे लेप दिलेले कापड हे सहज सोसते. मग माणूस का भिजतो? कारण पाणी कापडातून येतच नाही. ते येते शिवणीतून. साध्या शिवणीत सेंटीमीटरला तीन-चार टाके असतात, म्हणजे एक मीटर शिवणीत तीनशे-चारशे भोके. बाह्या, खांदे, काख, टोपी आणि पँटचे आसन यांच्या शिवणी जोडल्या तर हजारो भोकांची ती चाळण आहे, आणि दोऱ्यातून पाणी वातीसारखे आत ओढले जाते. मॅकिंटॉशला जे 1820 च्या दशकात कळून चुकले, ते वसईच्या बाजारात आपण अजून विचारत नाही. युरोपीय मानकात कापडासोबत शिवणीचीही चाचणी घ्यावी लागते. आपल्याला प्रयोगशाळेची गरज नाही: कोट उलटा करायचा. आतून प्रत्येक शिवणीवर बोटभर रुंदीची पट्टी उष्णतेने चिकटवलेली दिसली पाहिजे, आणि ती काखेत जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथे, टोपी मानेला जिथे जोडली आहे तिथे, आणि पँटच्या आसनाला, या तीन जागी अखंड असली पाहिजे. बरेच कोट खांद्याला पट्टी लावून काखेला तशीच सोडून देतात. गिऱ्हाईक खांद्यापर्यंतच पाहते हे बनवणाऱ्याला माहीत असते. नखाने पट्टीचे टोक किंचित खरवडून पाहावे. दुकानात सुटू लागली तर जुलैत काय होईल?

स्वस्त प्लॅस्टिकच्या कोटाच्या बाजूने इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यातले काही शिवलेले नसतात, कडा वितळवून जोडलेले असतात, त्यामुळे नवे असताना ते हजारो रुपयांच्या बेपट्टीच्या जॅकेटहून पाणी जास्त चांगले रोखतात. मात्र वितळवलेला जोड ताणाखाली फाटतो, स्कूटरवर हात पुढे केला की पाठीत आणि काखेत तोच ताण येतो, आणि प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू उडून गेले की घडीच्या रेषेवर चिरा पडतात. रोज दोनदा घडी करणाऱ्यासाठी हा कोट एका मोसमाचाच सोबती. ज्याला महिन्यातून चारदा पावसात जायचे त्याने तो खुशाल घ्यावा.

शिवणीनंतरच्या गोष्टी पटापट सांगता येतील. पुढची चेन उघडी नको. तिच्यावर दुहेरी पट्टी हवी आणि ती टिचबटणांपेक्षा वेल्क्रोने सलग बंद होणारी बरी, कारण दोन बटणांच्या मधून आडवा पाऊस शिरतो. मनगटाला आतून लवचीक कफ, बाहेरून मोकळी बाही. टोपी हेल्मेटखाली बसेल इतकी पातळ, किंवा सुटी करता येणारी. हेल्मेटवर चढणारी मोठी टोपी उतारावर शोभते, हायवेवर ती वाऱ्याने फुगून मान मागे ओढते. पोंचो चालणाऱ्यासाठी उत्तम, दुचाकीवर धोक्याचा, कारण त्याचा घोळ चाकात किंवा चेनमध्ये अडकतो. बायकांच्या मापाचे कोट म्हणजे पुरुषांचेच कोट गुलाबी रंगात, ही बाजाराची जुनी खोड आहे. साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर स्कूटर चालवणारीला लांब, मागून चिरलेला आणि चिरेखाली झडप असलेला कोट लागतो, तो मागितल्याशिवाय बनणार नाही. आणि रंग. पावसाळ्यात संध्याकाळी सहा वाजता रस्त्यावर जो काळोख असतो त्यात काळा किंवा गडद निळा कोट घालून खड्डे चुकवत जाणारा माणूस मागच्या टेम्पोवाल्याला दिसत नाही. स्की जॅकेट पिवळी, नारिंगी, पोपटी असतात ती काही निव्वळ हौसेने नव्हे; बर्फात हरवलेला माणूस सापडायला तो रंग लागतो. ‘डाग दिसत नाहीत’ म्हणून काळा कोट घेणाऱ्यांनी निदान पाठीवर आणि बाह्यांवर उजेडात चमकणारी पट्टी तरी पाहून घ्यावी.

यावर पहिला आक्षेप येतो तो आपल्या समजूतदारपणाचा: वसईच्या पावसात कोणताही कोट घातला तरी माणूस भिजणारच, मग एवढा खल कशाला? गुडघाभर पाण्यातून चालायचे असेल तेव्हा हे खरे आहे. पण मोसमातले बहुसंख्य दिवस सरींचे असतात, पुराचे नव्हेत. आणि थोडे भिजणे व निथळत असणे यांत नोकरदारासाठी मोठे अंतर आहे. ओल्या कपड्यांत वातानुकूलित ऑफिसात आठ तास बसलेल्या माणसाला ते विचारावे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. चांगला कोट दीड-दोन हजारांना पडतो, तीनशे-चारशेचा कोट दरवर्षी परवडतो, दोन हजार एकदम निघत नाहीत. हिशेब केला तर पाच वर्षांत दोन्हींचा खर्च जवळपास सारखा पडतो, पण हा हिशेब ज्याच्याकडे जूनमध्ये दोन हजार मोकळे आहेत त्यालाच करता येतो. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तके, दप्तरे सगळे एकदम अंगावर येते. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धे उत्तर असे की, खरेदी दिवाळीच्या आसपास करावी, जेव्हा दुकानदाराला उरलेला माल काढायचा असतो. आणि शिवणीला चिकटवायची पट्टी व चिकटद्रव्य सुटे मिळते, ते वापरून देणारे कारागीर आपल्याकडे तयार व्हावेत. छत्री दुरुस्त करणारे अजून फुटपाथवर दिसतात. रेनकोट दुरुस्त करणारा कोणी ऐकिवात नाही, आणि इस्त्री घेऊन बसलेल्या माणसासाठी तो चार महिन्यांचा चांगला जोडधंदा आहे. उरलेले अर्धे उत्तर सरकारकडे आहे. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा प्लॅस्टिकच्या रेनकोटवर चक्क 28 टक्के कर होता. तो सप्टेंबरात 18 वर आणला गेला. सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांवर अडीच हजार रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के कर लागतो. लग्नातल्या शेरवानीला आणि दुचाकीवरच्या पूर्ण पावसाळी सूटला एकच मापटे लावणारी ही आखणी रेनकोटाकडे चैनीचा कपडा म्हणून पाहते.

तिसरा आक्षेप अनुभवी लोकांचा: महागाचाही घेऊन पाहिला, तोही दोन वर्षांत गेला. हे अगदी खरे असते, पण कोट जातो तो पावसात नव्हे, माळ्यावर. बहुतेक कोटांना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो आणि उष्ण, दमट जागी तो हळूहळू विघटित होतो. आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे गळू लागतात, आणि एक आंबूस वास येतो. सप्टेंबरअखेर अर्धवट ओला कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या माळ्यावर आठ महिने टाकणे ही त्या लेपाचा जीव घेण्याची उत्तम पद्धत आहे. साध्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, घडी न घालता कपाटात हँगरला लावला तर तोच कोट कितीतरी अधिक वर्षे टिकतो. उन्हात वाळवू नये, गरम पाण्यात भिजवू नये. पाणी मोत्यासारखे ओघळवणारा बाहेरचा लेपही दोन-तीन मोसमांत झिजतो. तो पुन्हा लावता येतो. मात्र या लेपात वर्षानुवर्षे वापरली गेलेली फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात विघटितच होत नाहीत, म्हणून फ्रान्सने 2025 मध्ये कायदा करून 1 जानेवारी 2026 पासून ती असलेल्या सर्वसाधारण कपड्यांवर बंदी घातली आहे. ज्यांचे विहिरीचे पाणी अजून वाडीतल्या केळी आणि पानवेलींना जाते, त्या वसईकरांनी हा मुद्दा परदेशचा म्हणून सोडून देऊ नये.

दरवर्षी डिसेंबरपासून इथून कितीतरी कुटुंबे मनालीला जातात, आणि सोलंगच्या वाटेवरच्या दुकानांतून कोट-बुटांचे संच भाड्याने घेतात. तिथे वरचा सगळा हिशेब उलटतो. बाहेरची हवा थंड आणि कोरडी असल्याने पापुद्रा तिथे खरोखर काम करतो. पण दोन तास बर्फात खेळणाऱ्याला त्याची गरज नसते. त्याला बसल्यावर आसनातून ओल येऊ न देणारी पँट लागते. अंगाच्या वजनाने आणि उबेने बर्फ वितळतो आणि पाणी पुन्हा शिवणीच्याच वाटेने येते. गुलमर्ग किंवा औलीला आठ-दहा दिवस स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांनी मात्र कोट विकतच घ्यावा, तिथे आकड्यांना अर्थ आहे. फक्त तो परत आणून जूनमध्ये विरारच्या फलाटावर घालू नये.

इथपर्यंतचा सगळा विचार ज्यांना निवड करता येते त्यांच्यासाठी झाला. पण सगळ्यात जास्त वेळ पावसात असणाऱ्यांचा कोट दुसरेच कोणीतरी निवडते. पहाटे गटारे मोकळी करणारे सफाई कामगार, चौकातला वाहतूक पोलीस, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, आणि घरोघर डबे-पाकिटे पोचवणारी मुले, ज्यांना ‘गिग कामगार’ हे नाव कायद्यात पहिल्यांदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मिळाले. त्यांच्यासाठी खरेदी होते ती घाऊक आणि सर्वांत कमी दराने. सर्वांत कमी दर वाईट नाही, वाईट आहे ते मागणीपत्रात केवळ ‘वॉटरप्रूफ रेनकोट, अमुक नग’ एवढेच लिहिणे. मग सर्वांत स्वस्त प्लॅस्टिकच जिंकणार. तिथे चार ओळी वाढवल्या की चित्र बदलते: सर्व शिवणींना आतून पट्टी, पाठीवर जाळीची हवेची वाट, काखेत मोकळीक, चमकणारी पट्टी, तीन मापे, आणि स्त्री कामगारांसाठी वेगळा बेत. प्रत्येक कामगाराला दोन कोट द्यावेत, कारण सहा तासांत भिजलेला कोट दुसऱ्या पहाटेपर्यंत या हवेत वाळत नाही. दर वाढेल हे उघड आहे. पण महापालिका असो, सोसायटी असो की ठेकेदार, माल ताब्यात घेण्याआधी त्या गठ्ठ्यातला कोणताही एक कोट कामगारांनीच उचलावा, त्यात जुने वर्तमानपत्र भरावे, काखेच्या शिवणीवर बादलीभर पाणी ओतावे आणि दहा मिनिटांनी कागद बाहेर काढावा. भिजला असेल तर गठ्ठा परत.